दोन बेडरूमचं घर, पाच माणसं: घर लावायचं तर सुरुवात कुठून करावी

आमच्या घराचं काम काढलं त्या दिवशी सुतारमिस्त्रींना मी फोनमधले पस्तीस-चाळीस फोटो दाखवले. त्यांनी ते शांतपणे पाहिले, हॉलमध्ये एक चक्कर मारली आणि विचारलं, "ताई, चपला कुठे काढता?" दाराशी पंधरा जोड पसरले होते. माझ्या एकाही फोटोत चप्पल नव्हती. सुकत घातलेले कपडे, गव्हाचा डबा, पाहुण्यांच्या गाद्या, बाटल्यांचं रिकामं खोकं, काहीच नव्हतं. गौरी-गणपतीला जागा तर कुठेच नव्हती.

तेव्हापासून घर लावायला निघालेल्या प्रत्येकाला मी एवढंच सांगते: जे फोटोत नसतं त्याची सोय आधी करा. फोटोत दिसणारं नंतर हळूहळू जमत जातं. आमचं घर पुण्यात, पंचवीस वर्षांच्या इमारतीत, ६४० चौरस फूट कार्पेटचं (म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचं), दोन बेडरूमचं. राहणारे आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. पुढचं सगळं अशाच घरासाठी आहे. बंगलेवाल्यांनी यातलं हवं तेवढं घ्यावं.

आधी आठवडाभर नुसतं बघा

फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि जिथे अडतं तिथली नोंद करा. आमच्या कागदावर असं निघालं: सकाळी साडेसहाला ओट्याशी दोघीजणी एकमेकींना अडतात. चार फोन एकाच बोर्डाला लागतात. धाकट्याचा अभ्यास जेवणाच्या टेबलावर, त्यामुळे ताटं घेताना वह्यांची उचलाउचल. वाळलेले कपडे दुपारी पलंगावर, रात्री खुर्चीवर. सासूबाई रात्री उठतात तेव्हा भिंत चाचपत बाथरूमला जातात.

या यादीतल्या एकाही गोष्टीला महागडं डिझाइन लागलं नाही. पण कागद केला नसता तर टीव्हीमागच्या पॅनेलवर पैसे घालून बसलो असतो आणि कपडे खुर्चीवरच राहिले असते.

मोजमाप

स्टीलचा १६ फुटी टेप आणि चौकटीचा कागद घ्या. एका फुटाला दोन चौकटी धरून प्रत्येक खोली काढा. भिंतीच्या लांबीवर थांबू नका. दार कुठल्या बाजूला आणि किती उघडतं, खिडकीची चौकट जमिनीपासून किती वर सुरू होते, तुळई किती खाली आली आहे, स्विचबोर्ड कुठे आहेत, हेही टिपा. जुन्या इमारतीत समोरासमोरच्या भिंतींत एक-दीड इंचाचा फरक सहज निघतो, म्हणून कपाटाची जागा खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी मोजा.

मग घरात आलेल्या लग्नपत्रिका कापून त्याच मापात पलंग, सोफा, टेबल बनवा आणि कागदावर सरकवून पाहा. शंका आली तर वर्तमानपत्रं जोडून खऱ्या मापाचा सोफा जमिनीवर पसरा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून चाला. येण्याजाण्याच्या वाटेला ३ फूट हवेत, अगदीच नाइलाज असेल तर अडीच. जेवणाच्या टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत ३ फूट नसतील तर बसलेल्या माणसाला उठवल्याशिवाय मागून जाता येत नाही. सोफा आणि टीपॉय यांत १५ ते १८ इंच पुरतात. पलंगाच्या ज्या बाजूने माणूस उतरतो तिथे २ फूट सोडा.

लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजायला विसरू नका. आमचा तीन जणांचा सोफा लिफ्टमध्ये मावला नाही. चौथ्या मजल्यापर्यंत चार माणसांनी तो जिन्याने चढवला, आणि त्याच्या खुणा भिंतीवर आहेत त्या आहेतच.

कपाट ठरवण्याआधी वस्तू मोजा

माळ्यावरचं सगळं एकदा खाली उतरवा. "लागेल कधीतरी" या सदरातली अर्धीअधिक भांडी मोडीत जातात, हा अनुभव सगळ्यांचाच असेल. उरलेलं मात्र खरोखर मोजा: घडीच्या साड्या किती, हँगरवरचे कपडे किती, गाद्या किती, धान्य महिन्याचं भरता की वर्षाचं. वर्षाचे गहू भरणाऱ्या घराला कोठीची जागा लागते. ओट्याखालच्या कुठल्याही तयार ट्रॉलीत, म्हणजे सरकत्या खणात, ५० किलो गहू जात नाहीत.

सासूबाईंचा तांब्याचा बंब काढायचा की ठेवायचा यावर आमच्याकडे तीन दिवस चर्चा झाली. शेवटी तांबट आळीत नेऊन घासूनपुसून आणला. आता तो दाराशी उभा असतो आणि त्यात छत्र्या असतात. घरातली सर्वांत जास्त कौतुक झालेली वस्तू तीच, आणि ती आम्ही विकत घेतलेली नाही.

हात कुठे लावायचा नाही

काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा. बहुतेक ठिकाणी परवानगीपत्र, अनामत, तोडफोडीच्या ठरावीक वेळा आणि राडारोडा उचलण्याचे नियम असतात. राडारोडा कोण आणि कुठे टाकणार हे ठेकेदाराशी आधीच ठरवा, नाहीतर गोण्या महिनाभर पार्किंगमध्ये राहतात.

आरसीसीचे (सळया घालून ओतलेल्या काँक्रीटचे) खांब आणि तुळया यांना छिन्नी लागता कामा नये. वायर न्यायला खांबात झिरी, म्हणजे लांब खाच, मारू का, असं कुणी विचारलं तर उत्तर नाहीच. हॉल मोठा करायला मधली भिंत पाडायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, कारण जुन्या इमारतींत काही भिंती भार घेणाऱ्या असतात. जुन्या लादीवर नवी फरशी बसवताना वजन वाढतं, दारं खालून तासावी लागतात आणि बाथरूमच्या उंबऱ्याची पातळी बिघडते. तोडफोड वाचते खरी, पण या तीन गोष्टी तपासूनच होकार द्या.

वास्तूचं म्हणाल तर देवघराची दिशा, झोपताना डोकं कुठे, गॅस कुठे एवढं घरच्या मोठ्यांच्या मनाप्रमाणे सहज करता येतं आणि करावं. संडासाची जागा हलवायला मात्र जाऊ नये. इमारतीत मैलापाण्याचा पाइप जिथून उतरतो तिथूनच तो उतरणार. लांबून नेलेल्या पाइपला उतार कमी पडला की खालच्या मजल्यावरचे लोक भेटायला येतात.

भिंतीच्या आतलं काम

पैशांचा पहिला मोठा हिस्सा इथे जातो आणि तो कुणालाही दिसत नाही. म्हणूनच बहुतेक जण इथेच हात आखडता घेतात.

सुरुवात ओलीपासून करा. भिंतीला पापुद्रे सुटले असतील, पांढरा लोणा आला असेल, तर त्यावर पुट्टी ओढून रंग देणं म्हणजे वर्षभराची सोय. पाणी येतं कुठून ते शोधा: बाहेरच्या भिंतीची भेग, वरच्यांचं बाथरूम, की भिंतीतला जुना जस्ती पाइप. बाथरूमची लादी काढलीच आहे तर जुने पाइप तेव्हाच बदला. वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचऱ्याचं तोंड बंद करून पाणी साठवा आणि ४८ तास तसंच ठेवा. खालच्या घरी जाऊन त्यांचं छत पाहून या. त्यानंतरच फरशी. गवंडी घाई करेल, पण हे दोन दिवस सोडू नका.

विजेचं तसंच. पंचवीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा एसी, मायक्रोवेव्ह, वॉटर प्युरिफायर, इंडक्शन, पाच फोन यांचा हिशोब कुणी केला नव्हता. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची वायर, साध्या प्लगना २.५ ची आणि एसी-गिझरला ४ ची स्वतंत्र लाइन, असं साधारण धरतात. डिस्ट्रिब्यूशन बोर्डात एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असतेच, सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती झाली की पडणारा स्विच) बसवून घ्या. ओल्या हाताने शॉक बसण्याच्या प्रसंगात ती पुरवठा तोडते. अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

प्लग कुठे हवेत ते फ्रिजवरच्या कागदावरून ठरवा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना, सोफ्याच्या कडेला, अभ्यासाच्या टेबलाच्या वर (खाली नको, पायाने निघतो), ओट्यावर किमान चार, राउटरपाशी दोन. बेडरूमचा दिवा दारातून लावता यावा आणि पलंगावरून घालवता यावा, त्याला टू-वे स्विच लागतो. हॉलमध्ये गणपती बसतो त्या भिंतीला माळांसाठी एक वेगळा प्लग काढा. तो वर्षातले दहा दिवस वापरला जाईल, पण त्या दहा दिवसांत दारातून ओढलेल्या वायरीत कुणाचा पाय अडकणार नाही.

आणि हे नक्की करा: झिऱ्या मारून पाइप टाकले, की प्लॅस्टर भरण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. चार वर्षांनी फोटोफ्रेमसाठी ड्रिल मारताना त्या फोटोंची किंमत कळते.

कामाचा क्रम

क्रम चुकला की एकाच कामाचे पैसे दोनदा जातात. आधी तोडफोड. मग प्लंबिंग आणि विजेच्या झिऱ्या. मग वॉटरप्रूफिंग, नंतर बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या टाइल्स, ओटा, बाकी फरशी. फरशी झाली की तिच्यावर प्लॅस्टिक आणि वर पीओपीचा (प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा) थर देऊन ती झाकून ठेवतात. मग छताचं काम असेल तर ते. पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात सुतार येण्याआधी. सुतारकाम झाल्यावर शेवटचा हात. दिवे, पंखे, नळाच्या तोट्या, पडदे सगळ्यांत शेवटी.

पुण्या-मुंबईकडे रंगकाम जून ते सप्टेंबर काढू नये. भिंत वाळत नाही, पुट्टी वाळत नाही, आणि रंगारी घाईने पुढचा हात मारून जातो. दिवाळीपूर्वी काम संपवायचं म्हणून लोक श्रावणात सुरू करतात आणि अडकतात. जानेवारीत काढा. रंगारी तेव्हा फोनही उचलतात.

स्वयंपाकघर

पहिला प्रश्न उंचीचा. ओटा सरसकट ३२ ते ३४ इंचांवर बांधतात. घरात जी व्यक्ती जास्त वेळ उभी राहते तिला ताठ उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार-पाच इंच वजा केले की तिच्या ओट्याची उंची मिळते. माझी ३५ आली, सासूबाईंची ३१. आम्ही ३४ चा ओटा केला आणि त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात बसून भाजी निवडायला, मोदक वळायला २९ इंचांवर उघडझाप करता येणारी फळी लावली. पोळ्या लाटायलाही तीच बरी पडते, कारण लाटताना जोर वरून खाली द्यावा लागतो.

ओट्याची खोली २४ इंच पुरते. वरची कपाटं ओट्यापासून २० ते २४ इंच वर आणि १२ ते १४ इंचच खोल ठेवा, म्हणजे कपाळ आपटत नाही. शेगडीच्या अगदी वर लाकडी कपाट नको. शेगडीच्या दोन्ही बाजूंना हातभर मोकळा ओटा ठेवा: एका बाजूला चिरलेलं, दुसऱ्या बाजूला उतरवलेलं. सिंक आणि शेगडी चिकटून असली की फोडणीत पाणी उडतं.

काळा ग्रॅनाइट आपल्या स्वयंपाकाला झेपतो. हळद, कोकम, लिंबू यांचे डाग पांढऱ्या दगडावर दुसऱ्या आठवड्यात दिसायला लागतात. फोटोत पांढरा छान दिसतो हे मलाही मान्य आहे.

ट्रॉल्यांच्या बाबतीत विक्रेता पहिल्यांदा स्टीलची जाळी दाखवतो. ग्रेड विचारा. ३०४ महाग पडतं, पण सिंकजवळच्या ओलाव्यात टिकतं. २०२ स्वस्त असतं आणि अशा ठिकाणी लवकर गंजतं. सगळीकडे ३०४ परवडत नसेल तर सिंकशेजारच्या दोन ट्रॉल्यांपुरतं तरी घ्या. डबे उभे मावतील अशी एक खोल ट्रॉली, परात आणि पोळपाट अरुंद फटीत उभे राहतील असा एक कप्पा, कुकरसाठी एक. सिंकच्या खाली ट्रॉली करू नका, पाइपमुळे अर्धी जागा वाया जाते. तिथे साधं दार आणि आत कचऱ्याचा डबा ठेवा. मिक्सर रोज लागतो. तो कपाटात ठेवायचं ठरवलं तरी आठवड्यात ओट्यावर येतो, तेव्हा त्याची जागा आणि प्लग आधीच ओट्यावर द्या.

ड्राय बाल्कनी असेल तर ती हॉलला जोडून टाकण्याचा मोह आवरा. वॉशिंग मशीन, भांडी घासायची जागा, केरसुणी, बादल्या, कपड्यांच्या दोऱ्या हे सगळं तिथे राहतं म्हणून बाकी घर राहण्याजोगं राहतं. वरखाली होणारे पुली हँगर छताला लावले तर पावसाळ्यात चौघांचे कपडे तिथेच मावतात. खाली एक छोटा पंखा फिरता ठेवला की कुबट वासही येत नाही.

कपाटं आणि प्लायवूड

सगळ्यांत जास्त फसवणूक इथे होते, कारण सनमायका चिकटला की आतलं काहीच दिसत नाही.

प्लायच्या बोर्डावर आयएसआयची खूण आणि तिच्यासोबत क्रमांक असतो. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, पाण्याला सर्वांत जास्त टिकणारा. सिंकखालचं कपाट आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं फर्निचर याचं करा. आयएस ३०३ मध्ये दोन प्रती येतात, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारी) आणि एमआर (नुसत्या दमटपणाला टिकणारी). स्वयंपाकघराला पहिली, बेडरूमच्या कोरड्या भिंतीला दुसरी चालते. माल घरी आला की प्रत्येक बोर्डावरची खूण बघा आणि कापायच्या आधी फोटो काढा. कडेकडून पाहा: थरांत पोकळ्या नकोत. ठोकून पाहा: आवाज सगळीकडे सारखा यावा. आमच्याकडे ठरलेल्या मालातले दोन बोर्ड वेगळ्याच प्रतीचे निघाले होते. फोटो होते म्हणून परत गेले.

जाडी साधारण अशी: सांगाडा आणि दारं १८ मिलिमीटर, ड्रॉवर १२, पाठ ६. बाहेरून १ मिलिमीटरचा लॅमिनेट (म्हणजेच सनमायका), आतून ०.८ चा. आतला फिकट रंगाचा घ्या, नाहीतर काळोखात काळी पँट सापडत नाही.

किती बोर्ड लागतील याचा हिशोब स्वतः करता येतो. ७ फूट उंच, ६ फूट रुंद, २ फूट खोल कपाट घेऊ. दोन बाजू आणि मधली उभी फळी मिळून १४ चौरस फुटांचे तीन तुकडे, म्हणजे ४२. वर-खाली प्रत्येकी १२, म्हणजे २४. आडव्या सहा फळ्या ६ चौरस फुटांच्या, म्हणजे ३६. दारं ४२. एकूण १४४ चौरस फूट. बोर्ड ८ बाय ४ चा, म्हणजे ३२ चौरस फुटांचा. भागाकार साडेचार येतो, कापण्यातली नासधूस धरून पाच, फार तर सहा. पाठीला ६ मिलिमीटरचा दीड बोर्ड. कुणी नऊ बोर्ड सांगितले तर आत काय काय करणार आहे ते विचारा. कदाचित ड्रॉवर जास्त असतील, कदाचित नसतील.

आत कुणाच्या उंचीला काय येतं ते बघून कप्पे पाडा. कुर्ते-शर्ट हँगरला लावायला ४० ते ४२ इंच उंची पुरते. घडीच्या साड्यांना १२ इंची उथळ कप्पे बरे, कारण दोन फूट उंच चळत केली की खालची साडी काढताना वरच्या पडतात. गाद्या-रजयांना सर्वांत वरचा कप्पा किंवा पलंगाखालचा. पलंगाला हायड्रॉलिक उचल घेतलीत तर वर्षातून चारदाच लागणारं सामान आत ठेवा. रोजचं ठेवलं की झोपलेल्याला उठवावं लागतं.

बाथरूमला पाठ असलेल्या भिंतीवर कपाट करायचंच असेल तर मागे इंचभर मोकळी जागा सोडा. आणि सुतारकाम सुरू होण्याआधी वाळवीची फवारणी करून घ्या.

हॉल

दार उघडल्यावर पहिले चार फूट महत्त्वाचे. चपलांचं कपाट, त्यावर बसायला गादी, वर किल्ल्यांचा खिळा. कपाट १४ इंच खोल असावं आणि त्याला जाळीची दारं हवीत. पुरती बंद दारं केली की पावसाळ्यात आतून काय वास येतो ते सांगायला नको.

बसायला एक सोफा आणि एक दिवाण, हे आपल्याकडचं जुनं गणित अजूनही सर्वांत हुशार आहे. दिवाणावर दुपारी कुणी लवंडतं, रात्री पाहुणा झोपतो, खालच्या खणात चादरी राहतात. एल आकाराच्या मोठ्या सोफ्याने दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये जमिनीवर पंगत मांडायला जागाच उरत नाही, आणि गणपतीच्या आरतीला माणसं जिन्यात उभी राहतात.

त्या दहा दिवसांसाठी एक भिंत ठरवून ठेवा. ४ फूट रुंद आणि ३ फूट खोल एवढी जागा रिकामी होईल असं फर्निचर त्या भिंतीला ठेवा: हलवता येणारं, जमिनीला न ठोकलेलं. गौरी उभ्या असतील तर वर अडवणारी फळी नको.

टीव्हीचा मध्य जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर आला की सोफ्यावरून मान वर करावी लागत नाही. शोरूममध्ये तो उभ्या माणसासाठी वर टांगलेला असतो, तेच माप घरी येतं.

फॉल्स सीलिंगबद्दल, म्हणजे स्लॅबखाली केलेल्या दुसऱ्या छताबद्दल, माझं मत ऐकायचं तर साडेनऊ फुटांच्या छताला ते पूर्ण करू नका. पाच-सहा इंच जातात, खोली दबते, पंखा खाली येतो. कडेने पट्टा करून दिवे लपवा, मध्ये छत मोकळं ठेवा. पंख्याचा हूक स्लॅबलाच असला पाहिजे, पीओपीला नव्हे.

सासूबाईंची खोली, मुलांची खोली

म्हाताऱ्या माणसाला पलंग गुडघ्याएवढा, म्हणजे गादीसकट १८ ते २० इंच उंच हवा. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद दिवा, वाटेत गालिचा नको, उंबरठा नको. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी ३३ ते ३६ इंचांवर पकडायचा दांडा. तो टाइलला नुसता चिकटवलेला नको, भिंतीत खोल बोल्टने बसवलेला हवा. बाथरूमची फरशी खरखरीत घ्या. दुकानात हात फिरवून नाही, पाणी शिंपडून अनवाणी पाय ठेवून पाहा. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं असेल तर आत कुणी पडलं तरी दार उघडता येतं. आणि गॅस गिझर बंद बाथरूममध्ये मुळीच नको, त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो.

मुलांच्या खोलीत कार्टूनची भिंत करू नका, तीन वर्षांत मुलगा तिच्यावर नाराज होतो. भिंत साधी ठेवून एक मोठा सॉफ्टबोर्ड द्या. अभ्यासाचं टेबल खिडकीशी असं ठेवा की उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून येईल. पुस्तकांचं उंच कपाट भिंतीला पट्टीने जखडून टाका, पोरं त्यावर चढतातच.

उजेड, रंग, पडदे

दिव्यांच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. २७०० ते ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे वर्षानुवर्षं ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडाची सवय, म्हणून सगळीकडे ६५०० लागतात आणि बेडरूम दवाखान्यासारखी दिसते. बसायच्या-झोपायच्या जागी ३०००, ओटा आणि अभ्यासाला ४०००. ओट्यावर वरच्या कपाटाखाली एक पट्टी लावा, नाहीतर आपलीच सावली विळीवर पडते.

रंग दुकानातल्या कार्डावरून ठरवू नका. छोटा डबा आणून भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवे लावून पाहा. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर पिवळा-केशरी अंगावर येतो, तिथे फिकट राखाडी किंवा निळसर बरा. छत पांढरंच. मुलं असतील तर हाताला लागणाऱ्या उंचीपर्यंत पुसता येणारा इमल्शन घ्या, डिस्टेंपर पुसला की निघतो.

पडद्याचा दांडा चौकटीच्या वर पाच-सहा इंच आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त लावला की खिडकी मोठी दिसते आणि पडदा सरकवल्यावर काचेवर राहत नाही. कापड दांड्याच्या दुप्पट रुंद हवं. ५ फुटांच्या खिडकीला ६ फुटांचा दांडा, म्हणजे १२ फूट कापड. ४८ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) तीन पट्टे झाले. सुती कापड शिवायच्या आधी धुऊन घ्या, आखडतं.

सजावट म्हणून विकत आणायच्या वस्तूंची घाई करू नका. सोलापुरी चादर दिवाणावर टाकली, एखाद्या फाटत आलेल्या साडीचे काठ काढून उशांच्या अभ्र्यांना लावले, की खोलीला आपला चेहरा येतो. वारली काढायची असेल तर गेरूच्या तांबड्या भिंतीवर पांढऱ्यात, जशी ती मुळात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाते. जिव्या सोमा मशे यांना त्या कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत रिकामी जागा किती आहे ते नीट पाहा आणि मग भिंत भरायला घ्या.

पैसे आणि माणसं

दर ऐकताना माप कशाचं, हे विचारा. सुतार कपाटाच्या दर्शनी बाजूचे चौरस फूट मोजतो, पीओपीवाला पट्ट्याचे रनिंग फूट (नुसती लांबी), रंगारी भिंतीचे चौरस फूट. रंगारी दार-खिडकीची वजावट करणार का, पुट्टीचे किती हात, दरात सामान धरलं आहे की फक्त मजुरी, जीएसटी आत की बाहेर, हे कागदावर लिहून घ्या. आगाऊ रक्कम थोडी द्या, पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, आणि शेवटचा दहावा हिस्सा सगळे ड्रॉवर सरळ उघडेपर्यंत हातात ठेवा. एकूण अंदाजावर आणखी दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवाच. भिंत उघडल्यावर काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं.

पुण्यात हार्डवेअरसाठी बोहरी आळी, प्लायसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, अशी एक फेरी स्वतः मारा. विकत काही घेतलं नाहीत तरी चालेल. बिजागऱ्यांचे भाव तोंडपाठ असलेल्या गिऱ्हाइकाशी ठेकेदार वेगळं बोलतो.

मिस्त्रींना वेळेवर चहा द्या, रोज संध्याकाळी एक फेरी मारा आणि बदल सांगायचा असेल तर एकाच माणसाने सांगा. आमच्याकडे देवघराची उंची तीन जणांनी तीन सांगितली होती.

शेवटच्या दिवशी सगळे निघून जाण्याआधी उरलेल्या टाइल्सचं एक खोकं, लॅमिनेटचा एक तुकडा, रंगाच्या डब्याचं क्रमांक लिहिलेलं झाकण आणि नळाचे वॉशर एका पेटीत भरून माळ्यावर ठेवा. पेटीवर तारीख लिहा. आमची पेटी पाच महिन्यांतच खाली उतरली, सिंकशेजारची टाइल वरवंटा पडून फुटली तेव्हा.